डोंगराची सुट्टी

मुलुंडला आमच्या चाळीमागच्या डोंगरावर एक माणूस शेळ्या चारायचा. संप फसल्यावर गिरणीने त्याला परत बोलावलं नाही, एवढंच मला ठाऊक. नाव कधी विचारलं नाही. सावलीत नुसता बसला तरी तुटलेला धागा सांधावा तशी त्याची बोटं चालायची.

आपल्या उताराचे त्याने दोन भाग केले होते. एकात शेळ्या चरायच्या, दुसऱ्याच्या करवंदीला लाल फडकं बांधलेलं. त्या वर्षी पाऊस एकदा येऊन गेला तो गेलाच. आषाढात धूळ उडत होती. इतरांच्या शेळ्यांनी पलीकडचा उतार मुळांपर्यंत कुरतडला. याच्या शेळ्यांच्या बरगड्या दिसू लागल्या, तरी फडक्यामागचं गवत तसंच.

मी वैतागलो. "अहो, समोर गवत असताना जनावरं उपाशी मारताय?"

"त्या बाजूक सुटी आसा," तो म्हणाला. "यंत्रा तीन पाळयेत चालतत. माती चलाची नाय."

मग एकेक करून त्याने शेळ्या विकल्या. एकच उरली. सुट्टी काही मोडली नाही. मला तो चक्रमच वाटला.

श्रावणात पाऊस नुसता कोसळला. पलीकडच्या उताराची माती वाहून थेट आमच्या दारात आली. फडक्यामागून आलं ते नितळ पाणी. बाकीचे शेळीवाले तोवर दुसरा डोंगर शोधत निघून गेले होते.

उघडीप होताच त्याने फडकं सोडलं, शेळीला गवतात मोकळं केलं आणि स्वतः त्या बोडक्या उतारावर चढला. तिथल्या एका काटेरी झुडपाला त्याने ते फडकं बांधलं.

"आता हेका सुटी," तो म्हणाला. "पण हेका मी परत बोलवतलंय."