कुलूपबाई

ऑफिसात तिला सगळे कुलूपबाई म्हणत, तेही तोंडावर. ती बिनदिक्कत ओ देई. घरी सासूबाई म्हणत, "हिच्या हाती स्वयंपाकघर दिलं, तर मांजरालाही अर्ज करावा लागेल."

कंपनीचं सॉफ्टवेअर एकच, गिऱ्हाइकं ढीगभर. प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा. तिथल्या डेटाबेसमध्ये आपल्या प्रोग्रामने कुठं हात घालायचा नि कुठं नाही, हे ठरवून तसा रोल, म्हणजे मोजक्या अधिकारांचं खातं, बनवायचं काम तिचं. साहेबांचा खाक्या सोपा: सरसकट मास्टर अधिकार द्या, मोकळे व्हा. मागे एका गोदामात तसंच केलं, आणि आपल्या अपडेटने त्याच सर्व्हरवरचा शेजारचा पगाराचा डेटा धुऊन नेला. माफी मागायला साहेब गेले नाहीत, हिला धाडलं. पगाराविना बसलेल्या हमालांसमोर मान वर करता येईना. तिथंच तिने कानाला खडा लावला.

आता रक्त तपासणाऱ्या लॅबचं काम आलं. तिथं जाऊन, रोल बनवण्यापुरता मिळालेला मास्टर पासवर्ड वापरून तिने प्रोग्रामला त्याच्या तक्त्यांपुरता रोल दिला. पेशंटांच्या जुन्या रिपोर्टांकडे फिरकायचं नाही. एवढ्या अधिकारात इन्स्टॉल पहिल्याच पायरीला अडलं. साहेबांचा फोन आलाच.

"मास्टर दे की! तुझ्या बापाचं काय जातं?"

"बापाचं नाही, पेशंटांचं जातं. नळ दुरुस्त करायला आलेल्याला तुम्ही कपाटाची किल्ली देता?"

"उद्या सुरू झालं नाही, तर घरी बसशील."

"बसेन. सासूबाईंना तेवढीच सोबत."

फोन ठेवून तिने लॅबच्या सर्व्हरवाल्या काकांना खुर्चीवर बसवलं. "काका, ही एक पायरी मालकाच्या हक्काने तुम्हीच चालवा. घर तुमचं आहे." काकांनी चालवली. पुढचं सगळं लहान रोलवर सुरळीत झालं.

दुसऱ्या दिवशी लॅब सुरू झाली, तरी साहेबांचा पारा उतरेना. "तिथला तुझा मास्टर पासवर्ड दे. पुढच्या अपडेटला मीच बघतो."

"नाही माझ्याकडे. निघताना काकांना सांगून माझाही अधिकार काढून टाकायला लावला."

"मला न विचारता?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

साहेबांनी मनात हिशेब केला. लॅबवाले खूश होते. हिला काढलं, तर त्यांना काय सांगायचं? शेवटी त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाचा पत्ता तिच्यापुढे सरकवला.

"जा. पण या वेळी आधी विचार मला."

तिने पत्ता पर्समध्ये टाकला. "नाही विचारणार," ती म्हणाली, आणि निघाली.