मढ्याची सावली

पोटुशी बाईवर मढ्याची सावली पडली तर पोर निळं होऊन जन्मतं, नाहीतर जन्मतच नाही, असं आमच्याकडे मानतात. तिनं पपई खायची नाही, ग्रहणात चाकू धरायचा नाही, रक्तवाढीच्या गोळ्या खाल्ल्या तर पोर काळं होतं, हेही मानतात. गोळ्यांवरून माझी बायको आणि सून दोघी हसायच्या. "आपल्या घरात गोरं हाये कोण?" असं म्हणून बायको स्वतःच्या हातानं गोळी सुनेला द्यायची. पण मढ्याच्या सावलीवर घरात कोणी हसत नसे. सुनेचं पहिलं पोटातच गेलं होतं, आणि त्याच्या आधी ती शेजारच्या मयतीला जाऊन आली होती. झालं. डॉक्टरनं कारण वेगळं सांगितलं, ते कोणी ध्यानात ठेवलं नाही.

बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या. मरायचं तर आपल्या सपरीत, घराच्या पुढच्या पडवीत, असं ती म्हणाली, म्हणून तिला गोंदियाच्या दवाखान्यातून घरी आणलं आणि सपरीत खाट टाकली. आत्याबाई, आत्याबाई म्हणत सासूचं सारं सूनच करे. अंग पुसणं, वेणी घालणं, पेज चमच्यानं पाजणं. सुनेला तेव्हा सातवा लागला होता.

सडक अर्जुनीहून माझी थोरली बहीण आली. तिनं बायकोच्या पायाला हात लावून पाहिला, पाय गार पडले होते, आणि ती सुनेला म्हणाली, "पोरी, तू आत जा."

"मी पानी पाजून राहिली नं."

"पानी मलेही पाजता येते. आत जा म्हनलं."

बहिणीनं तिला आतल्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. उंबऱ्यावर विळा आडवा ठेवला, लोखंड ओलांडून सावली आत येत नाही म्हणून. खिडकीवर पोतं टांगलं. सकाळचे दहा वाजले असतील, पण त्या खोलीत अंधार झाला.

बायकोनं डोळे उघडले. "पोरगी कुठं गेली?"

"झोपली."

"दिवसा?"

मी काय सांगू? तू मरून राहिली म्हणून तिला कोंडलं, असं कसं सांगणार. पण तिला कळलं. आयुष्यभर मी तिच्याशी एक खोटं धड बोलू शकलो नाही. "राहू दे," ती म्हणाली. "मागल्यासारखं नको व्हायले." एवढं म्हणून ती दाराकडेच पाहत राहिली.

तोंडानं म्हणते राहू दे, डोळे दारावरून हलत नाहीत. आतून सून दार वाजवून राहिली होती. "मामाजी, उघडा नं. एक डाव पाहू द्या." पोरगा अंगणात पाठ करून उभा. त्यालाही बहिणीनं सांगून ठेवलं होतं की बायको पोटुशी असताना नवऱ्यानं मढ्याला खांदा द्यायचा नाही. म्हणजे माय मरणार आणि खांदा पुतणे देणार. जो तो आपापल्या जागी बांधलेला. आणि बांधणारं कोणी दुष्ट नव्हतं, हेच वाईट. बहिणीला ते पोर जगवायचं होतं, बायकोलाही तेच पाहिजे होतं.

मी उठलो.

"उघड," बहीण म्हणाली. "मी नाई आडवत. काही झालं तर लोकाइले जबाब तू दे."

मी कडी काढली. सून विळ्याच्या आतल्या बाजूला उभी होती, दोन्ही हात पोटावर.

"ये," मी म्हटलं.

तिनं पाय उचलला आणि परत ठेवला. "मामाजी, माही हिंमत नाई होऊन राहिली."

तिथून खाटेवरचे फक्त पाय दिसत होते. ती पायांकडे पाहत उभी राहिली आणि खाटेवर बायको गेली.

त्यानंतर बाळंतपणापर्यंत त्या घरात मोठ्यानं श्वास घ्यायचीही भीती वाटे. पोटात हललं नाही की सून हातातलं काम टाकून बसे. एकदा तिनं बहिणीला विचारलं, "पाय दिसले, तेवढ्यानं होते का काही?" बहिणीनं खूप विचार केला. "पाय चालतात बहुतेक," ती म्हणाली. मी म्हणत होतो, काही होत नाही. पण मी पुरुष, आणि चौथी शिकलेला. ऐकतो कोण?

कळा लागल्या तेव्हा तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गर्दी होती. सून बाहेर बाकावर कळा सोसत बसलेली. तेवढ्यात एका म्हाताऱ्याचं मढं स्ट्रेचरवर आलं. चादर सरकून तोंड उघडं पडलेलं. इतक्या जवळून गेलं की चाक सुनेच्या चपलेला लागलं. बहिणीनं तिच्या डोळ्यावर पदर टाकला, पण उशीर झाला होता. सुनेनं सारं पाहिलं होतं. तिनं माझं मनगट धरलं ते नर्स येऊन आत नेईपर्यंत सोडलं नाही.

दुपारी नात झाली. लाल. तिचं रडणं व्हरांड्यात मला ऐकू आलं.

मी आणि बहीण आत गेलो. सुनेनं बहिणीला सरळ विचारलं, "आता?"

"दवाखान्यात नाई लागत," बहीण म्हणाली.

"काऊन नाई लागत?"

"घरचं मढं लागते. परक्याचं नाई. अन् इथं फिनाईलनं रोज पुसतात नं."

एरवी मी हसलो असतो. सून पोरीला जवळ घेऊन पडली होती. म्हणाली, "मंग आत्याबाईले दवाखान्यातच ठेवलं असतं. मी तिच्यापाशी बसली असती."

मी म्हटलं, "तिले घरी मरायचं होतं, पोरी."

"मले मालूम हाये," सून म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पोरीला पाजत राहिली.