आखूड चौथरा

शिवप्पाअण्णा थडगी वितीने मोजत. नळदुर्गात त्यांचं किराणा दुकान होतं. सोमवारी दुपारी दुकान बंद करून ते गावाबाहेरच्या लष्करी कब्रस्तानात जात, बाभळीखाली दम घेत आणि पुन्हा एकेका थडग्याशी वाकत. त्यांचे आजोबा मलकप्पा पलटणीत शिपाई होते. छावणीत पटकीच्या साथीत गेले, इथल्याच कब्रस्तानात पुरले गेले. "आज्याच्या समाधीला बेल वाहा," एवढंच मागून अण्णांचे वडीलही गेले. मी शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा अण्णांची साठी उलटली होती आणि शोध चालूच होता.

"मास्तर, आमच्या लिंगायतात मुडदा निजवत न्हाईत, बसवून पुरत्यात," ते सांगत. "आज्याची जागा आखूडच असणार. लांब दिसली की म्या फुडं जातो."

एका सोमवारी ते धापा टाकत शाळेत आले आणि मला ओढतच घेऊन गेले. काटेरी झुडपं तोडल्यावर एक आखूड चौथरा निघाला होता. अण्णांनी त्याला भस्म फासून बेलही वाहिला होता. "अक्षरं बी हायत! साहेबानं आज्याचं नाव लिवलंय. वाचा की!"

मी भस्म पुसलं. इंग्रजी अक्षरं झिजली होती, तरी लागत होती. खोटं बोलावं असं मनापासून वाटलं, पण जीभ रेटेना.

"अण्णा, ही दोन वर्षांची मुलगी आहे. कुणा साहेबाची."

अण्णा चौथऱ्याला टेकून बसले. "लई थकलो, मास्तर," म्हणाले. मी बेल उचलायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. हिचं तरी कोण येतंय हितं?"

शोध तिथेच संपला. सोमवार मात्र चुकला नाही. गुडघे धरत जायचे, पोरीला बेल वाहून यायचे. "नात काय म्हणते?" मी थट्टेने विचारायचो.

"निजलीया. आमच्यातली असती तर बसली असती."

शेवटच्या आजारात मला म्हणाले, "माझ्यावर दगड लावा, नाव लिवा. पोरांना माझ्यावानी वाकाय लागू ने."

त्यांच्या शेतातल्या समाधीचा दगड मीच घडवून घेतला. त्यांचा आज्या मला शोधून देता आला नाही, याचं अजून वाईट वाटतं. म्हणून अण्णांच्या नावाच्या वर त्यांच्या वडिलांचं नाव घातलं आणि सगळ्यात वर कोरलं : मलकप्पा, पलटणीतले शिपाई. अण्णांची मुलं बेल वाहतात, तेव्हा पहिलं पान त्या नावावर ठेवतात.