साहेबांचा मान

आमच्या कार्यालयात एक नियम आहे. तो कुठल्याही परिपत्रकात नाही, पण तो मोडायची कोणाची छाती नाही. साहेबांकडे जाणाऱ्या प्रत्येक मसुद्यात एक चूक ठेवायची. मुद्दाम. फार मोठी नको, फार बारीक नको; पहिल्या वाचनात साहेबांच्या डोळ्यांत भरेल एवढीच. साहेब तिच्याभोवती लाल पेनाने गोल करतात, समासात दुरुस्ती लिहितात आणि खाली सही ठोकतात. या चुकीला आमच्याकडे 'मान' म्हणतात. शिमग्यात मानकऱ्याचा मान झाल्याशिवाय पालखी हलत नाही, तशी इथे फाईल हलत नाही.

हे मला शिकवलं भाऊंनी. भाऊ म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे जुने सहायक. रत्नागिरीतच जन्मले, इथेच चिकटले, इथूनच निवृत्त होणार. माझा पहिला मसुदा वाचून ते म्हणाले, "बरा झालाय. पण साहेबांसाठी काय ठेवलंस ह्यात?" मला वाटलं पाकिटाचं बोलतायत. मी तापलेच. तेव्हा त्यांनी चष्मा पुसत समजावलं, "अगो, चूक सापडली नाय तर साहेब शोधत बसतात. शोधून पण सापडली नाय तर घाबरतात. वाटतं, आपल्याला दिसत नाय असं कायतरी हाय ह्यात. मग लिहितात, 'चर्चा करावी'."

आणि चर्चा काही होत नाही. साहेब एकतर बैठकीत असतात, नाहीतर दौऱ्यावर. आता सगळा कारभार संगणकावर आला म्हणतात, पण साहेब आधी प्रिंट मागतात. पडद्यावर लाल गोल करता येत नाही ना.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक भाभी आल्या. खाडीपट्ट्यातल्या गावच्या, नवरा कुवेतला. त्यांच्या खालच्या वाडीतून शाळेत जायचं तर वाटेत पऱ्या लागतो. उन्हाळ्यात तो कोरडा दगडधोंड्यांचा ओहोळ, पावसात मात्र माणूस ओढून नेतो. त्यावरचा लाकडी साकव, पायी जायचा छोटा पूल, मागच्या पावसात वाहून गेला होता. नव्या, पक्क्या साकवासाठी ग्रामपंचायतीचा ठराव आमच्याकडे येऊन पडला होता. भाभी माझ्या टेबलाशी बसल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाय, पोर आता नववीत जाणार. तिचा बाप फोनवर बोलला, साकव झाला तर शाळा, नाय तर घरात बस. हुशार हाय हो पोर. काय ता लवकर करा."

मी त्याच दिवशी मसुदा केला आणि हट्टाने एकही चूक ठेवली नाही. एका पोरीची शाळा अडली होती, आणि मी काय कोणाचे मानपान करत बसू? फाईल परत आली. 'चर्चा करावी.' मी केबिनच्या दारात उभी राहिले. साहेब म्हणाले, "हो हो, बसू एकदा." बसणं काही झालं नाही. पुन्हा पाठवली, पुन्हा तेच. मी भाऊंसमोर कपाळावर हात मारून घेतला.

भाऊ म्हणाले, "तू हो बाजूला." दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या बैठकीला गेले असताना त्यांनी मसुद्यात 'खालची वाडी'च्या जागी 'वरची वाडी' केलं आणि कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. साहेब स्वतः त्या पऱ्यावर जाऊन आले होते; बघताक्षणी पकडतील, हा भाऊंचा हिशोब. पकडलंही असतं. पण त्याच दुपारी साहेबांना प्रशिक्षणाला बोलावणं आलं आणि कार्यभार शेजारच्या विभागाच्या साहेबांकडे गेला. आता प्रभारी साहेबांचाही एक न लिहिलेला नियम असतो. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडायचे नाहीत. समोर येईल त्यावर सही करून मोकळं व्हायचं. मी परतले तेव्हा आदेश रवाना झाला होता आणि भाऊ नुसतेच घाम पुसत बसले होते.

अभियंता जागा बघायला वरच्या वाडीत गेला. तिथे चांगला धडधाकट साकव उभा. त्याने अहवाल दिला, 'सदर ठिकाणी साकव अस्तित्वात असल्याने कामाची आवश्यकता नाही.' त्याचंही काही चुकलं नव्हतं. या सगळ्या गोंधळात कोणाचंच काही चुकलं नव्हतं, हेच मला सहन होत नव्हतं.

साहेब परतल्यावर मी शुद्धिपत्रक केलं. एका ओळीचं. वरची वाडीऐवजी खालची वाडी असे वाचावे. त्यात चूक यायला जागा तरी कुठे होती? परत आलं, 'चर्चा करावी.' त्या दिवशी मला साहेबांच्या टेबलावरची काच फोडावीशी वाटली. कागद तसाच लोळत राहिला. तोवर पाऊस लागला, पऱ्या भरला, शाळा उघडली.

शेवटी भाऊंनी मला न विचारता शुद्धिपत्रकावरच्या तारखेत भलताच महिना घातला. साहेबांनी झोकात गोल केला, महिना सुधारला, आणि हातातला चहा संपायच्या आत सही झाली. कागद माझ्या हातात देत म्हणाले, "मॅडम, जरा लक्ष ठेवत जा." मी "हो सर" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

भाभींना निरोप धाडला. त्या भर पावसात एसटीने आल्या. मी आदेशाची प्रत त्यांच्या हातात ठेवली, म्हटलं, भाभी, झाला मंजूर, पाऊस ओसरला की काम सुरू. त्यांनी कागद उलटसुलट बघितला, घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला.

"पोर मुंबऱ्याला गेली, बाय. मावशीकडं."

"आणि शाळा?"

"मावशीची बारकी पोरं हायत. ती सांभाळते."

भाऊंनी टाइप करणं थांबवलं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, पण तो कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं. भाभींनीच माझ्या हातावर हात ठेवला.

"असू दे. साकव होऊ दे. ईदेला पोर येईल, तवा तिचे पाय तरी भिजायचे नायत."