पोचल्यावर नारळ

तुर्भ्याला माझ्या पुतण्याचं गॅरेज आहे. तिथं एक साहेब दर रविवारी आपली पिकअप घेऊन यायचे. जंगलात जाऊन गाडीवर तंबू टाकून राहायचं म्हणे. आधी मोठी टायरं घातली, नारळ फोडला. मग गाडी उंच केली, पुन्हा नारळ. टपावर तंबू चढवला, तर गाडी त्यांच्याच सोसायटीच्या कमानीत अडकली. तेवढाच काय तो जंगलचा प्रवास. साहेब रुमालानं बंपर पुसायचे, मला खोबरं द्यायचे आणि घरी जायचे.

माझा जन्म ट्रकवर गेला. शेवटी मी विचारलं, "साहेब, आता काय, वर गच्ची बांधायची का?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "काका, सगळं बसवून झालं की जावंच लागेल. आणि खरं सांगू, मला अंधाराची भीती वाटते."

अंधाराला टायर मोठं काय नि लहान काय.

पुढच्या रविवारी साहेब नवे दिवे बसवायला आले. पुतण्याला म्हटलं, हात लावू नकोस. माझी वळकटी मागं टाकली आणि साहेबांच्या शेजारी जाऊन बसलो.

"काका, नारळ?"

"पोचल्यावर फोडू. गाडी काढा."