डाव्या खिशातलं कार्ड

या सदरातले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगतो, वाचताना बऱ्याचदा हसलोय. राग मानू नका. आमच्या घरात या गोष्टींना जागाच नव्हती. वडील वाळूजच्या एका कारखान्यात फिटर, राहायला बजाजनगर, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. शेजारच्या मावशींनी एकदा आमच्या दाराला लिंबू-मिरची बांधली, तर आईनं ती सोडून त्याच मिरच्यांचा ठेचा केला. वर मावशींना वाटीभर नेऊन दिला आणि म्हणाली, "लई झणझणीत झालाय बघा. लिंबूबी कामाला आलं!"

अशा घरातला मी. म्हणून हे लिहायला बसायला मला चार महिने लागले. आणि यात घाबरवणारं काही नाही, हेही आधीच सांगतो. यात आहे ती माझी चूक.

कोरोनाचा काळ सोडला तर बाराएक वर्षं मी प्रवासी जहाजांवर नोकरी केली. शेवटची काही वर्षं क्रूझ डायरेक्टर म्हणून. पद मोठं वाटतं, पण काम एका वाक्यात सांगायचं तर – जहाज कॅप्टन चालवतो, सुट्टी क्रूझ डायरेक्टर चालवतो. सकाळच्या योगापासून रात्रीच्या नाचापर्यंत सगळे कार्यक्रम त्याचे. रुसलेल्या सासूबाईंना अंताक्षरीत ओढायचं, हनिमूनवाल्यांना एकटं सोडायचं, पाऊस आला तर डेकवरचा गरबा दहा मिनिटांत आत हलवायचा. लोक घरी गेल्यावर समुद्र कसा होता ते विसरतात. पण तिथं आपलं नाव कुणी घेतलं होतं, हे विसरत नाहीत.

माइक धरायला मी जहाजावर शिकलो नाही. ते आमच्या कॉलनीत, चौदा एप्रिलच्या जयंतीला शिकलो. सूत्रसंचालन वडील करायचे. ते म्हणायचे, "माइकवर ज्याचं नाव घ्यायचं ठरवलंय, त्याचं घ्यायचंच. तो माणूस इस्त्रीचा शर्ट घालून आलेला असतो."

हे वाक्य लक्षात ठेवा.

जहाजावर रोज दुपारी बारा वाजता माझी अनाउन्समेंट असायची. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, कुणाची फर्माईश... प्रत्येकाचं मी एक छोटं कार्ड लिहायचो. न वाचलेली कार्डं ब्लेझरच्या डाव्या खिशात, वाचून झालं की उजव्या. सफर संपताना डावा खिसा रिकामा पाहिजे, हा माझा नियम. आणि शेवटच्या सकाळी मी गँगवेवर, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलापाशी, उभा राहून प्रत्येकाला निरोप द्यायचो. त्या सकाळची मला अजून आठवण येते. डिझेलचा आणि ताज्या पावाचा मिसळलेला वास, उन्हानं सगळ्यांच्या नाकाचे शेंडे लाल झालेले, आणि पाच दिवसांपूर्वी अनोळखी असलेल्या बायका एकमेकींचे फोन नंबर घेताहेत...

मुनीर चाचा आणि साबेरा चाची हे उतारवयातलं जोडपं याच पुलावरून चढलं होतं. मुंबई-लक्षद्वीप-मुंबई, पाच दिवसांची सफर. चाचांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"औरंगाबादके ना तुम?"

"हो. तुम्ही कसं ओळखलं?"

"बावीस इंची, निळी. माझ्याच दुकानातून नेली होती. नाम याद नहीं रहता भाई, बॅग याद रहती."

खरंच होतं. पहिल्या जहाजावर जाताना शहागंजातल्या त्यांच्या बॅगांच्या दुकानातून मी ती घेतली होती. तेव्हा त्यांनी चेन दहा वेळा उघडून-लावून दाखवली होती आणि म्हणाले होते, "चेन टूटी तो मेरी इज्जत टूटी."

"आयुष्यभर लोकांच्या बॅगा भरायला दिल्या यांनी," चाची हसत म्हणाल्या, "आमची बॅग आत्ता भरली. तीही मी भरली. यांना तर आपलाच माल उघडता येईना."

"झूट बोलती," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चाचा मला एकट्याला गाठायला आले. चाचींना कॅन्सर होता. डॉक्टरांनी सहा महिने सांगितले होते, ते चाचींनाही माहीत होतं. चौथ्या दिवशी त्यांच्या लग्नाला एकोणचाळीस वर्षं होत होती. "तिला कुणी कधी स्टेजवर बोलावलं नाही," चाचा म्हणाले. "एक बार उसका नाम माइकपे लेव. बस. दुसरं काही नक्को."

मी त्यांच्यासमोरच खिशावर हात ठेवून शब्द दिला. कार्ड रात्री केबिनमध्ये लिहिलं. त्यावर लिहिलं होतं –

"आज आपल्या जहाजावर शहागंजची शान आहे. मुनीरभाई आणि साबेरा चाची. सगळ्या दुनियेला बॅगा देणाऱ्यांनी आज पहिल्यांदा स्वतःची बॅग भरलीय. संसाराची चाळीस वर्षं! जोरदार टाळ्या!"

चाळीस. एकोणचाळीस नाही. ही आमच्या धंद्यातली खोड. माइकवर एकोणचाळीस नीट वाजत नाही, चाळीसला टाळ्या पडतात. हे मी कुणाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही नव्हतंच.

चौथ्या दिवशी जहाजावर एका कंपनीच्या डीलरांचा मोठा ग्रुप होता. बारा वाजता त्यांच्या साहेबांना भाषण करायचं होतं. मी माझी वेळ देऊन टाकली. म्हटलं, संध्याकाळी सूर्यास्ताला डेकवर घेऊ. संध्याकाळी त्यांचं बक्षीसवाटप लांबलं. जेवणाच्या हॉलमध्ये पाहिलं तर चाचा-चाचींचं टेबल रिकामं. स्टुअर्ड म्हणाला, मॅडमना बरं नाही, केबिनमध्येच आहेत.

इथं मी विसरलो असं लिहिलं तर सोपं जाईल. पण मी विसरलो नव्हतो. मी मनाशी म्हटलं, ऐकायला त्या इथं नाहीतच, मग वाचून काय उपयोग... केबिनच्या दारावर टकटक करून दोन मिनिटं बोलता आलं असतं. केक नेता आला असता. मी ग्रुपच्या साहेबांबरोबर फोटो काढत बसलो.

दुसऱ्या सकाळी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मी गँगवेवर उभा राहिलो नाही. माझी असिस्टंट फ्रीडा होती, तिला उभं केलं आणि स्वतः क्रूच्या दारामागे थांबलो. दाराच्या गोल काचेतून चाची दिसल्या. चाचांचा हात धरून हळूहळू उतरत होत्या. इस्त्रीची गुलाबी ओढणी होती डोक्यावर.

जहाजावरचा तो करार संपला आणि वडील आजारी पडले, मी घरी आलो तो परत गेलो नाही. आता लग्नांत, वाढदिवसांत सूत्रसंचालन करतो, बरं चाललंय. पण शहागंज टाळायचो. रिक्षावाला तिकडून निघाला तर म्हणायचो, दुसरीकडून घे. घरच्यांना वाटायचं, मला गर्दी सोसत नाही.

चार महिन्यांपूर्वी मुलगी प्रज्ञा शिकायला पुण्याला निघाली. तिला बॅग हवी होती. मी म्हटलं, मॉलमध्ये जाऊ.

"पप्पा, मॉलमधल्या बॅगेचं चाक माझ्या मैत्रिणीचं स्टेशनवरच निघालं. शहागंजला एक चाचा आहेत, चेन दहा वेळा लावून दाखवतात म्हणे. सगळे तिथूनच घेतात."

गेलो. भर दुपार होती. दुकान तसंच, बॅगा छतापर्यंत. चाचा थकले होते. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि उठलेच.

"अरे! बावीस इंची! निळी!"

मला मिठी मारली. मी चाचींबद्दल विचारलं. "तीन साल हुए," ते म्हणाले. मग चहा आला, आणि ते म्हणाले, "तुमचं शुक्रिया राहिलं होतं माझ्याकडं. उतरतानी लई शोधलं तुमाला. त्या दिवशी जहाजावर तुम्ही जे बोललात ना..."

मला वाटलं, टोमणा मारताहेत. खरं सांगतो, बरं वाटलं. म्हटलं, चला, आता ऐकून घेऊ.

पण टोमणा नव्हता. चाचा प्रज्ञाला सांगू लागले. "बेटा, शामका टाइम. इनकी चाची पडून होती, मी तिचे पाय दाबत होतो. वरून छतातला स्पीकर सुरू झाला. तुझ्या पप्पांची आवाज! शहागंजकी शान म्हणाले. म्हणाले, सगळ्या दुनियेला बॅगा देणाऱ्यांनी आज पहिल्यांदा स्वतःची बॅग भरलीय. ती उठून बसली बेटा. ओढणी नीट केली, जणू समोर लोक बसलेत. आणि मग हसायला लागली. का? तर यांनी चाळीस साल बोलले! एक साल ज्यादा!"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मग घरी आल्यावर एकच धरून बसली," चाचा म्हणाले. "भाईने सबके सामने चालीस बोल दिया, अब पूरा करना पडेगा, नई तो उसकी बात झूटी पडती. डॉक्टर सहा महिने म्हणत होता. तिनं पूर्ण साल काढलं. चाळीसवी सालगिरह झाली, शीरखुर्मा केला, आणि आठव्या दिवशी गेली."

शुक्रिया घेतलं, बॅग घेतली, आणि निघालो. रिक्षात प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, किती भारी काम होतं तुमचं!"

घरी आल्यावर कपाटातला ब्लेझर काढला. कव्हर घातल्यापासून कुणी हात लावला नव्हता. कार्ड डाव्या खिशातच होतं. चाळीस, माझ्याच अक्षरात.

फ्रीडाला फोन लावला, ती आता गोव्यात असते. तिनं सरळ सांगितलं, "सर, केबिनमधले स्पीकर आपण कधी वापरतच नव्हतो. फक्त इमर्जन्सीला, तेही ब्रिजवरून, कॅप्टन जहाज चालवतो तिथून. आणि वाजले असते तर सगळ्या केबिनमध्ये वाजले असते, लोक लाइफजॅकेट घेऊन पळाले असते. त्या संध्याकाळी तुमचा माइक तर माझ्याच हातात होता." कार्डबद्दल तिला काहीच माहीत नव्हतं.

आठवडाभर झोप नीट लागली नाही. मग एका लग्नाला जाता जाता, तोच ब्लेझर घालून, शहागंजात उतरलो. चाचांना सगळं सांगितलं. दाराच्या काचेमागे लपलो होतो तेही सांगितलं.

"मजाक नक्को करो भाई," ते म्हणाले.

मी कार्ड पुढे केलं. ते एकेका शब्दावर बोट ठेवत वाचत गेले. चाळीसपाशी बोट थांबलं.

"मी तर तुमाला उनचालीस सांगितलं होतं."

"हो चाचा."

"आणि हे कुणाला दाखवलं नाही?"

"नाही. मी बोललोच नाही चाचा. माझी हिंमत नव्हती समोर यायची."

मला वाटलं, आता दुकानातून उठवतील. तसं केलं असतं तर चुकलं नसतं. मग त्यांनी विचारलं, "पढने के बाद ये किधर रखते थे तुम?"

"उजव्या खिशात."

ते गल्ल्यामागून बाहेर आले. कार्ड घडी न घालता माझ्या उजव्या खिशात सरकवलं आणि वरून दोनदा थोपटलं, चेन नीट लागली का बघतात तसं.

"उसने सुना ना? हो गया मग," ते म्हणाले. "तुम नई आए गँगवेपे, ये मात्र गलत किया. दुआ देणार होती ती."

मी खूप विचार केला. चाचांनीच चाचींना खोटं खोटं ऐकवलं असेल का? मग चाळीस कुठून आलं? माझेच शब्द त्यांच्या तोंडी कसे आले? मला भेटायच्या आधीपासून ते शेजारीपाजारी ही गोष्ट सांगत होते, ते मी विचारून आलो. माझ्या वडिलांनी हे ऐकलं असतं तर म्हणाले असते, नीट तपास, काहीतरी कारण सापडेल. तपासलं. सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणी जहाजांवर काम केलं असेल आणि काही सुचलं तर जरूर कळवा.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. हल्ली कुठल्या म्हाताऱ्या जोडप्याचा लग्नाचा वाढदिवस असला, की मी माइकवर नाव घेतोच, आणि मुद्दाम एक वर्ष वाढवून सांगतो. घरचे लोक खालून ओरडतात, "अहो, एक जास्त सांगितलंत!" मी हसून म्हणतो, राहू द्या, माइकवर बरं वाजतं.