रोझीने धुतलेले पाय

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काल पहिल्यांदाच कामवाल्या बाईने माझे पाय धुतले. लाल साबणाचा उग्र वास गोत्रीतल्या आमच्या घराच्या बाथरूमभर पसरला आणि मला निजामपुऱ्यातल्या मिशनच्या वृद्धाश्रमातली रोझी आठवली.

आम्ही दोघी कॉलेजात असताना तिथे सेवेला जायचो. मी प्रार्थनेला गायचे. रोझी आज्यांची नखं कापायची, टाचा तसल्याच लाल साबणाने घासायची, बोटांच्या बेचक्याही ओढणीने कोरड्या करायची. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, येशूने शिष्यांचे धुतले तसे, फादर आज्यांचे पाय धुवायचे. त्या वर्षी पाण्याची परात धरायचा मान मला मिळाला होता. कडक इस्त्रीची साडी नेसून मी मिरवत उभी होते.

फादर वाकले, तशा शांताबा नावाच्या गुजराती आजींनी पाय मागे घेतले.

"परत शाने, कशाला धुता? सकाळीच रोझीने धुतले ने!"

मागे चहाचे कप उचलणारी रोझी हसली. तिच्याकडे बघताना शांताबांचा चेहरा असा काही उजळला की मी आतल्या आत जळून गेले. माझ्या गाण्याने तो कधीच तसा उजळला नव्हता. परातीतलं पाणी हिंदकळून माझ्याच साडीवर सांडलं.

पुढे कितीतरी वर्षं मी रोझीवर जळत राहिले. काल मात्र बाईने घाईघाईने पाय पुसले आणि ती निघूनही गेली. बोटांच्या बेचक्यांत पाणी तसंच राहिलं होतं, आणि मला तिथवर वाकता येत नव्हतं. ओले पाय घेऊन बसल्या बसल्या कळलं, आता मला रोझीचा हेवा वाटत नाही. शांताबांचा वाटतो.